मागे पाहा

शाळेत असताना 'पी. टी. ओ.' ही तीन अक्षरं मला फक्त प्रश्नपत्रिकेच्या तळाशी भेटत. मराठीच्या पेपरात त्याच जागी 'मागे पाहा' असायचं. म्हणजे अजून प्रश्न आहेत, इतक्यात सुटका नाही. त्यामुळे एका दिवाळीच्या सुट्टीत आप्पांनी "यंदा जीपला पीटीओ बसवायचा" असं जाहीर केलं, तेव्हा मी नकळत जीपच्या मागे जाऊन पाहून आलो. काकूला ते आरटीओ ऐकू आलं. तिनं विचारलं, "किती घेतील?"

आमचं गाव कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. उसाचं थोडं रान आणि स्वतःचं गुऱ्हाळ. चरक बैलांवर चाले. आसपासच्या गुऱ्हाळांवर केव्हाच डिझेल इंजिनं आली होती, आणि शहाण्या माणसांनी आप्पांना इंजिनच घ्यायचा सल्ला दिला होता. पण आप्पांचा हिशेब निराळा. दारात चार चाकं ओढणारं इंजिन आयतं उभं आहे, ते आठवड्यातून एकदा बाजाराला जातं आणि उरलेले सहा दिवस त्याच्यावर कोंबड्या बसतात. मग दुसरं इंजिन कशाला?

जीप होती सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटची. मूळ घराणं अमेरिकेतल्या विलीजचं. महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, त्या वंशातली ही. तिच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे सीजे-टू-एला, विलीजनं १९४५ साली शेतकऱ्यांपुढे उभं केलं, तेव्हा तिचे गुण सांगितले होते : ही नांगर ओढेल, माल वाहील, माणसं नेईल, शिवाय एका जागी उभी राहून यंत्रं फिरवील. मुलगी दाखवताना सांगत ना, स्वयंपाक येतो, शिवण येतं, पेटीही वाजवते? तसंच. पुढे संसारात पेटीवरची धूळ कोणी झटकत नाही. आमच्या जीपचीही ती चौथी कला एका गोल झाकणाखाली पडून होती; पीटीओ, म्हणजे 'पॉवर टेक-ऑफ', तिलाच जागं करणार होता.

हे झाकण मिस्त्रींनी मला दाखवलं. गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस जोडलेली असते. इंजिनाची ताकद तिथं एका बाजूला वळते आणि पुढच्या-मागच्या चाकांना वाटली जाते. पण गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट मात्र नाकासमोर चालणाऱ्या माणसासारखा सरळ केसच्या मागच्या भिंतीपाशी येऊन थांबतो, आणि नेमक्या त्याच जागी बशीएवढं झाकण बोल्टांनी आवळलेलं. "इथनं वाट ठेवलीया बघा," मिस्त्री जीपखालून म्हणाले. "करणाऱ्यानं आधीच इचार केलाय. आपून फकस्त दार उघडायचं."

दार उघडायला अडीच महिने लागले. पीटीओचं गिअर आणि खोकं पुण्याच्या जुन्या बाजारात सापडलं, चौथ्या रविवारी. आधीचे तीन रविवार आप्पा तिथून अनुक्रमे एक कंदील, एक लष्करी पाण्याची बाटली आणि एक बिनकिल्लीचं कुलूप घेऊन आले होते. मागच्या टोकाचा शाफ्ट कराडच्या लेथवर केला. त्याचं माप ट्रॅक्टरवाल्यांचं : एक इंच तीन सूत जाडी, सहा स्प्लाइन, मिनिटाला ५४० फेरे. हा आकडा मिस्त्री मंत्रासारखा म्हणत. त्यांनी खडूनं जीपच्या दारावर गणित मांडलं. पहिल्या गिअरचं प्रमाण २.८, म्हणजे इंजिन १५०० फेऱ्यांवर ठेवलं की शाफ्ट ५३५ च्या आसपास फिरणार. "पाच कमी. तेवढं चालतंय." आता इंजिनाचे १५०० फेरे मोजायचे कसे? जीपला तसं घड्याळ नव्हतं. मिस्त्री डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत राहिले. मग हात वर केला : "लागला सूर."

तो सूर टिकवायचं काम माझ्याकडे आलं. जाड मोळी चरकात गेली की इंजिन दमायचं, ऊस संपला की उधळायचं. विलीजकडे यासाठी गव्हर्नर नावाचा वेगळा भाग मिळे. आमच्याकडे मी होतो. डॅशबोर्डवरचं हँड थ्रॉटलचं बटण धरून बसायचं, कान इंजिनावर, डोळा चरकावर. आजीला कळलं की नातू गव्हर्नर झाला, तेव्हा तिला मुंबईच्या लाटसाहेबांपलीकडचा गव्हर्नर ठाऊक नव्हता. तिनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

पहिल्या दिवशी गाव जमलं. ट्रान्सफर केस न्यूट्रलला, चाकांपुढे-मागे दगड, शाफ्टवरून चरकाला पट्टा. आप्पा स्वतः गिअर टाकायला बसले आणि उत्साहाच्या भरात त्यांनी रिव्हर्स टाकला. शाफ्ट गिअरबॉक्सचाच, गिअर उलटा तर तोही उलटा. चरकानं निम्मा गिळलेला ऊस सावकाश, अदबीनं, घालणाऱ्या गड्याच्या हातात परत दिला. गडी बराच वेळ तो ऊस बघत उभा होता. म्हणाला, "आप्पा, तिला ह्यो गोड नाय वाटला काय?"

एक गोष्ट मात्र हसण्यावारी गेली नाही. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. तिसऱ्या दिवशी आप्पा उघड्या शाफ्टवर वाकून काहीतरी दाखवत होते, आणि खांद्यावरचं उपरणं सरकलं. ते कधी गेलं हे कोणी पाहिलंच नाही. आधी खांद्यावर होतं, मग शाफ्टभोवती घट्ट पीळ होऊन फटफटत होतं. गळ्याभोवती गुंडाळलेलं असतं तर? हा प्रश्न कोणी मोठ्यानं विचारला नाही. मिस्त्रींनी त्याच दुपारी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून शाफ्टवर झाकण बसवलं, आणि काकूनं बायका-पोरांना जीपच्या मागच्या अंगाला फिरकायची बंदी केली. आप्पांना बंदीत धरायचं की नाही, यावर रात्री उशिरापर्यंत बोलणं चाललं होतं.

जीप चार हंगाम चालली. 'चालली' म्हणजे काय, हा आमच्या घरातला कायमचा घोळ. मराठीत घड्याळ भिंतीवरून न हलता चालतं, दुकान चालतं, वशिला चालतो; पण जीप चालली म्हटलं की माणूस विचारतो, कुठवर? स्पीडोमीटरची तार ट्रान्सफर केसमधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला जोडलेली. केस न्यूट्रलला, तो शाफ्ट स्तब्ध, काटा शून्यावर. दिवसभर गर्जना करून, रेडिएटर तीनदा उकळवून, टाकीभर पेट्रोल पिऊन मीटर जिथल्या तिथं. काकू महिन्याच्या हिशेबाला बसली की पेट्रोलच्या रकमेसमोर बोट ठेवून मीटरचा आकडा विचारायची. आप्पा म्हणायचे, "अगं, ऊस बघ की." काकू म्हणायची, "पेट्रोल बघून ऊस बघवत नाही."

शेवटी डिझेल इंजिन आलंच. शहाण्या माणसांनी काही म्हटलं नाही, फक्त गूळ चाखायला नेहमीपेक्षा जास्त आले. मिस्त्रींनी पीटीओ उतरवला आणि मूळचं गोल झाकण मागितलं. ते अडीच महिन्यांच्या खटाटोपात कुठेतरी हरवलं, असं सगळे धरून चालले होते. ते काकूनं केव्हाच बंबाच्या नळकांड्यावर ठेवायला घेतलं होतं. निखारे विझवायला इतकं बेतशीर झाकण तिला दुसरं मिळालं नव्हतं. जीपला मग लेथवर नवं करून घेतलं.

जीप घ्यायला एक गिऱ्हाईक साताऱ्याहून आलं. त्यानं मीटर पाहिला, मग झिजलेलं क्लच पेडल पाहिलं, मग आप्पांकडे पाहिलं.

"मीटर मागं फिरवलाय काय?"

आयुष्यात वजनात गुंजभर फसवणूक न केलेले आप्पा लाल झाले. ते ट्रान्सफर केसपासून सांगायला लागणार, एवढ्यात काकू चहा घेऊन बाहेर आली.

"चालली पुष्कळ हो," ती कपबशी पुढे करत म्हणाली, "गेली कुठंच नाही."

गिऱ्हाईकानं चहा घेतला आणि किमतीतून पाचशे कमी केले.