कोट काढून या, भाऊ!

ग्लासगोला धंद्यासाठी जाणाऱ्याला तीन गोष्टी सांगतात: पाच मिनिटं आधी पोचा, कोट घाला आणि तिथल्या माणसाला चुकूनही इंग्लिश म्हणू नका. तिसरी आम्हाला पटते. अमरावतीकराला एकदा ‘तुम्ही नागपूरचेच ना?’ विचारून पाहा. उरलेल्या दोन वऱ्हाडात कुचकामी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या घरात असतो. कोटातला पाहुणा दिसला की सौदा राहतो बाजूला, आधी पंखा त्याच्याकडे वळवतात. त्यापेक्षा दुपट्टा आणा.

चहाला नाही म्हणू नये. ‘अर्धा-अर्धा तं घ्या!’ हा आग्रह नव्हे, व्यवहाराची पहिली अट आहे. भाषाही शिकून या. ‘पाहू नं भाऊ’ म्हणजे नाही. ‘शेठले इचारून सांगतो’ म्हणजेही नाही. फक्त इथे सांगणारा स्वतःच शेठ असतो, त्याचं नाव तुमच्या डोक्यावरच्या पाटीवर असतं.

आम्हाला नियम नाहीत असं मात्र समजू नका. कापसाचा नियंत्रित बाजार वऱ्हाडातल्या कारंज्यात १८८६ सालीच सुरू झाला आणि १८९७ मध्ये खास वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याची जुनी रीत तेवढी मागे पडली. आता व्यापारी तोच रुमाल घाम पुसायला वापरतो आणि भाव ऐकून शेतकरीही.

परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचं काढा. दुपारची सापडत नाही. जेवल्याशिवाय कोणी सोडत नाही.