सेंद्रिय शिकवणी

मंडईत गिऱ्हाईक परीक्षा घेतं. भेंडीचं टोक मोडून बघायचं, नारळ कानाशी नेऊन हलवायचा, कणसाची साल जरा बाजूला करून दाण्यात नख रुतवायचं, वांगं हातात तोलायचं आणि एवढं सगळं झाल्यावर "आज काही खरं नाही मालात" असं म्हणत तोच माल घ्यायचा. वर कढीपत्त्याच्या दोन काड्या फुकट मागायच्या. विकणारीही या छळाला सरावलेली असते. "ताई, मोडू नका हो, घ्यायची तर घ्या," हे ती म्हणते आणि आपण तिसरी भेंडी मोडतो.

पुण्याच्या बाणेर-औंध भागातल्या सेंद्रिय दुकानांत परीक्षा गिऱ्हाइकाची असते. दार ढकललं की आधी गवती चहाचा वास येतो, मग कुठूनतरी बासरी ऐकू येते आणि खादीचा एप्रन घातलेली एक गोड मुलगी समोर येते. मी गेले होते पोहे आणायला. पोहे म्हणजे जाड की पातळ, इतकाच प्रश्न मला आजवर माहीत होता. तिथे लाल तांदळाचे, ज्वारीचे, नाचणीचे, बाजरीचे असे पोहे रांगेनं मांडलेले. "काकू, घरात कुणाला शुगर आहे?" तिनं विचारलं. "थायरॉइड? गव्हाची अ‍ॅलर्जी?" नाही म्हणताना मला उगीचच ओशाळल्यासारखं झालं. मग तिनं विचारलं, "तेल कोणतं वापरता?" मी पिशवीतल्या रिफाइंड तेलाचं नाव सांगितलं. एक्स-रे उजेडाला धरल्यावर डॉक्टर जसे गप्प होतात, तशी ती गप्प झाली.

मी लाल तांदळाचे पोहे आणि घाण्याचं शेंगदाणा तेल घेऊन बाहेर पडले.

पुढे जाणं वाढलं तसं लक्षात आलं की इथल्या शिष्यवर्गातही इयत्ता आहेत. साखर सोडली ती पहिली. मैदा सोडला की दुसरी. गहू सोडलेल्यांना जरा वरचा वर्ग मिळतो. घरून काचेच्या बरण्या आणून, आधी त्यांचं रिकामं वजन करून, मग त्यांत राजगिरा भरून घेणारे लोक पदवीधर समजायचे. सायकलस्वारीच्या कपड्यांतले एक गृहस्थ मधाच्या बाटल्यांपाशी उभे असतात. "हा कुठल्या फुलांचा?" "जांभळाचा, सर." "या वर्षीचा?" यावर मुलगी आत विचारून येते. एक बाई पालक मातीतला आहे की पाण्यावर वाढवलेला, याची चौकशी करतात; पाण्यावरच्या पालकाला सेंद्रिय म्हणावं का, यावर त्यांचं ठाम मत आहे आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या सर्वांना ते ऐकायला मिळतं. एकदा एका पाच-सहा वर्षांच्या मुलानं नाचणीचं बिस्किट तोंडात धरून, बराच वेळ वाट पाहून, आईला विचारलं, "चव नंतर येते का?" दुकानातले सगळे हसले. दुकानातली मुलगी तेवढी हसली नाही.

सगळ्यात नवल म्हणजे इथे भावाबद्दल कुणी बोलत नाही. पुण्यात! आमचे हे पहिल्यांदा बरोबर आले तेव्हा काउंटरवर सवयीनं म्हणाले, "काही कमी करा की." दोन-तीन माना वळल्या. मुलगी अजिबात न चिडता म्हणाली, "काका, इथे कमी केलं तर तिकडे शेतकऱ्याला कमी जाईल." ह्यांनी निमूट पैसे दिले आणि प्रायश्चित्त म्हणून वर जवसाची पुडी घेतली. तो जवस अजून डब्यात आहे.

पण मी घरी येऊन हिशोब मांडला. घाण्याच्या एक लिटर तेलाला दोन ते अडीच किलो शेंगदाणे लागतात. शेंगदाण्याचा भाव तुम्हीही जाणता. त्यात घाण्याची मजुरी, बाटली, दुकानाचं भाडं आणि ती बासरी मिळवा. मग तेल महाग का, हा प्रश्न उरत नाही. उलट शेजारचं पिशवीतलं तेल इतकं स्वस्त कसं, हा प्रश्न पडतो. तुपाचंही तसंच. गाईच्या दुधाला विरजण लावून, घुसळून, लोणी कढवून एक किलो तूप करायचं तर पंचवीस-तीस लिटर दूध हवं. दोन-अडीच हजारांची किंमत ऐकून माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं खरं, पण दुधाचा हिशोब केल्यावर ते परत घ्यावं लागलं.

बाटलीवरचं 'ए-टू' मात्र मला अजून पचलेलं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सांगितलं की दुधातुपाच्या वेष्टनावरून हे ए-वन, ए-टूचे दावे काढा, कारण हा फरक दुधातल्या एका प्रथिनाचा आहे. तूप म्हणजे जवळपास निव्वळ स्निग्धांश. त्यात प्रथिन शोधायचं कुठे? आठवड्याच्या आतच प्राधिकरणानं हा आदेश मागे घेतला. पुढच्या वेळी मी दुकानात हा विषय काढला. मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही एकदा वास तर घेऊन बघा." वास खरोखरच सुंदर होता.

महागड्या दुकानांच्या बाबतीत अमेरिकेनं आपल्याला केव्हाच मागे टाकलंय. तिथल्या होल फूड्स या दुकानांना लोकांनी ठेवलेलं टोपणनाव 'होल पेचेक', म्हणजे अख्खा पगार. २०१५ साली लॉस एंजेलिसच्या त्यांच्या एका दुकानात बाटलीभर पाण्यात अ‍ॅस्परॅगसच्या तीन काड्या उभ्या करून ते पाणी ५.९९ डॉलरला मांडलं होतं. फोटो जगभर फिरला, हसं झालं, आणि पदार्थ करताना काही चूक झाली होती असं सांगून कंपनीनं बाटल्या उचलल्या. ही काडी आपल्या शतावरीच्या कुळातली. आमच्या दुकानात शतावरीची पावडर मिळते, पण ती पाण्यात घालायचं काम अजून तरी गिऱ्हाइकावर सोपवलेलं आहे.

एकदा सासूबाईंना घेऊन गेले. त्या कराडकडच्या, आता ऐंशी ओलांडलेल्या. बांबूची टोपली हातात घेऊन त्या दुकानभर फिरल्या आणि गुळापाशी थांबल्या. काळपट, मऊसर, बटर पेपरात गुंडाळलेली ढेप होती. वर लिहिलेलं 'रसायनमुक्त'. त्यांनी किंमत वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"अगं, असला काळा गूळ आमच्याकडं बैलांना घालायचे," त्या म्हणाल्या.

मुलगी पुढे आली आणि पिवळा गूळ पिवळा का असतो, हे त्यांना समजावू लागली. सासूबाईंनी तिला पूर्ण बोलू दिलं. मग त्यांनी तिला गुऱ्हाळ सांगितलं. उसाचा रस कढायला लागला की भेंडीची झाडं ठेचून त्याचं चिकट पाणी काहिलीत सोडतात, त्याला मळी धरते, ती वरच्यावर काढायची. रस निवळतो तो त्या भेंडीनं. पुढे त्यात रंग उजळवणारी हायड्रॉसची पूड पडायला लागली. ती का पडायला लागली? "बाजारात बोली रंगावर लागायची. पिवळ्याला भाव जास्त. आणि पिवळा कुणाला पाहिजे होता? तुम्हांलाच की!" हे 'तुम्हांला' त्या मुलीला होतं, मला होतं आणि रांगेतल्या सायकलस्वारालाही होतं. ज्यांनी जास्त पैसे मोजून गूळ पिवळा करायला लावला, तेच आता आणखी जास्त पैसे मोजून तो काळा करून घेताहेत, हे त्यांनी इतक्या थोडक्यात सांगितलं की मुलीनं खिशातून छोटी वही काढली आणि भेंडीचं टिपून घेतलं. त्या दुकानात शिकवणी उलटी फिरलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

खपली गव्हापाशी मात्र सासूबाई हळव्या झाल्या. खपलीची खीर त्यांच्या माहेरची. ज्वारीच्या पोह्यांची त्यांना काही माया नाही. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेली तांबडी मिलो ज्वारी आणि रोजची भाकरी खाऊन त्यांच्या पिढीनं एकच स्वप्न पाहिलं होतं, रोज गव्हाची पोळी. पाहुण्याच्या ताटात भाकरी वाढली तर घराला नाव ठेवायचे. आम्ही मुद्दाम पाहुण्यांसाठी नाचणीच्या भाकरी करतो आणि पाहुणे आमचं कौतुक करतात, ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला मी अजून नाव देऊ शकलेले नाही. बहुधा ते हसू आहे.

दुकानातल्या पाट्यांवर माझा सगळ्यात जीव आहे. 'आजीच्या काळातला', 'मूळ देशी वाण', 'पूर्वजांचं अन्न' असं पाटीवर हातानं लिहिलेलं असतं. अशीच एक पाटी इंद्रायणी तांदळावर लावलेली दिसली. इंद्रायणी १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आला. एका बाजूनं तो आंबेमोहोराचा. दुसऱ्या बाजूनं आयआर-८ चा, म्हणजे फिलिपिन्सहून आलेल्या त्या हरितक्रांतीच्या वाणाचा, ज्याच्या नावानं सेंद्रियवाले बोटं मोडतात. माझं लग्न इंद्रायणीच्या आधीचं आहे. त्या हिशोबानं पूर्वजांत आधी माझा नंबर लागतो. तांदूळ मात्र उत्तम. मऊ, चिकटसर, आणि शिजताना घरभर वास. संकराला कशाला लाजायचं?

शनिवारी दुकानाच्या अंगणात शेतकरी स्वतः माल घेऊन येतात. त्यांच्याभोवती गर्दी होते, पण खरेदीपेक्षा गप्पांची. पुरंदरकडचे एक काका घेवडा आणि अंजिरं घेऊन बसले होते. मातीतल्या सूक्ष्मजीवांबद्दल एक तरुण जोडपं त्यांना बरंच काही सांगत होतं. ते मान हलवत होते. जोडपं गेल्यावर मी सहज विचारलं की प्रमाणपत्र मिळायला त्रास होतो का. ते म्हणाले, त्रास कागदांचा नाही, मधल्या वर्षांचा. रासायनिक खत थांबवल्यावर हंगामी पिकाला दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं जावी लागतात, तेव्हा कुठे माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येतो. "खत बंद केलं, उतारा निम्म्यावर आला, आन् भाव मार्केटचाच. त्या वर्षांत आमचा फोटो काढाय कुणी आलं नाही बघा." फोटो आता दुकानात लावलाय. फेटा बांधलेले, हातात घेवडा धरलेले. रोज ते टोपी घालतात. फेटा फोटोसाठी होता.

मला या सगळ्या प्रकरणात खरं महाग काय असेल तर ती मधली वर्षं वाटतात. ती कुठल्याच पुडीवर छापलेली नसतात. 'जैविक भारत'चा हिरवा शिक्का दिसतो, त्यामागे कुणीतरी दोन-तीन वर्षं पिशवीतल्या तेलाच्या हिशोबानं काढलेली असतात हे दिसत नाही. बासरीच्या पैशाबद्दल माझी तक्रार कायम आहे. या पैशाबद्दल नाही.

काकांना दुकानाकडून चहा आला. तुळस, गवती चहा, दालचिनी. दूध नाही, साखर नाही. त्यांनी तो भिडेखातर संपवला, पेला नीट बाजूला ठेवला आणि मला हळूच विचारलं, "ताई, हितं साधा चहा कुठं मिळंल?" मी समोरची टपरी दाखवली.

तर अशी मी हळूहळू वरच्या इयत्तेत चढत होते. मग आमच्या तूरडाळीत किडे झाले. दुकानात फोन केला. मुलगी म्हणाली, "काकू, घाबरू नका. डाळीवर औषध मारलेलं नाही याचाच हा पुरावा आहे." पुढे तिनं गृहपाठ दिला. डाळ चाळून कडकडीत उन्हात वाळवायची, एरंडेल तेलाचा हात लावायचा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात भरायची. हे सगळं माझी आई दर उन्हाळ्यात करायची. पण तिला गच्ची होती. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत आणि किल्ली सेक्रेटरींकडे असते.

मी पार्किंगमध्ये उतरले. भर दुपारी आमच्या गाडीचं बॉनेट चांगलं तापलेलं होतं. त्यावर जुनं धुतलेलं पातळ पसरून डाळ घातली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाडीवर कुणाचा तरी हातसडीचा तांदूळ दिसला. त्या आठवड्याअखेर तिसऱ्या मजल्यावरच्यांची मोठी गाडी मटकीनं भरून गेली आणि सोसायटीत आपल्याशिवायही शिष्य आहेत हे मला कळलं. पुढे हे कबुतरांनाही कळलं.

सोमवारी लिफ्टशेजारी सेक्रेटरींची नोटीस लागली: 'पार्किंगमधील गाड्यांच्या बॉनेटवर डाळी, तांदूळ व इतर धान्य वाळत घालू नये. कबुतरांचा उपद्रव होतो.' संध्याकाळपर्यंत तिच्याखाली कुणीतरी बॉलपेननं लिहिलं होतं, 'धान्य सेंद्रिय आहे, याची नोंद घ्यावी.' आणि त्याच्याही खाली, वेगळ्या अक्षरात, 'कबुतरांनी घेतली आहे.'