घरच्या घरी वीज पाडण्याची कृती

उंच कड्यावरच्या जुनिपरवर वीज कोसळते, बर्फाने फांद्या मोडतात, वारा साल सोलतो. तेव्हा कुठे शे-दोनशे वर्षांनी झाडाला ती रुपेरी, वाळकी शोभा येते. जपानमधल्या शिकोकू बेटावर इशिझुची पर्वताच्या कड्याकपारींतून अशी शिंपाकू जुनिपरची झाडं बोन्सायसाठी गोळा केली जात. आपल्याकडे आहे ते रोपवाटिकेत लाडाकोडात वाढलेलं, कसलंच दुःख न पाहिलेलं झाड. ती उणीव आपण सुट्टीच्या दिवशी भरून काढू.

१. बळी निवडा. जी फांदी नाहीतरी छाटणार होता, तीच घ्या. बुडापासून उडवली तर ती छाटणी. दोन-तीन इंच खुंट ठेवून साल काढली तर ती कला. तिला ‘जिन’ म्हणायचं.

२. टोक चाकूने तासू नका, पेन्सिल होईल. पक्कडीत तंतू धरून ओढा आणि लाकूड हवं तसं फाटू द्या. वादळाकडे चाकू नसतो.

३. आता खोड सोला. ही ‘शारी’. आधी खडूने आखून घ्या, कारण मुळापासून हिरव्या फांदीपर्यंत जाणारी सालीची जिवंत पट्टी कुठेही तुटता कामा नये. ती तुटली, तर मरणाचा आभास निर्माण करण्याची गरजच उरत नाही. यंदा अरुंद पट्टा सोला, पुढे रुंद करा. आपत्ती हप्त्याहप्त्यानेच आणावी.

४. यंत्राचा मोह आवरा. विजेच्या कोरणीने मृत लाकूड घडवणारे बोन्साय-गुरू मासाहिको किमुरा १५व्या वर्षी जपानमधल्या ओमियात उमेदवारीला लागले होते. तुम्ही ग्राइंडर काल आणलाय.

५. लाकूड वाळलं, की किंचित ओलसर करून लाइम सल्फर लावा. मातीत थेंब पडू देऊ नका. रंग आधी पिवळा, सुकल्यावर पांढरा. वास सडक्या अंड्यांचा. शाकाहारी सोसायटीत खुलासा तयार ठेवा. फारच पांढराफटक दिसेलसं वाटलं, तर द्रावणात काळ्या शाईचे दोन थेंब टाका: तेवढंच शतकभराचं वय वाढतं.

सूचना: हे प्रयोग वडावर नकोत. त्याचं मऊ लाकूड पावसाळ्यात खरोखरच कुजतं आणि तिथे तुमच्या कौशल्याचं काही चालत नाही.

परीक्षा पाहुणे घेतात. ‘काय सुंदर कोरलंय!’ म्हणाले, तर नापास. ‘अहो, निम्मं वाळलं की! पाणी घालत नाही का?’ म्हणाले, तर पहिल्या वर्गात पास.