पाच लाखांच्या आतले लोककल्याण

महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात कोणत्या कामास अग्रक्रम मिळावा, या प्रश्नाचा विचार करताना आपले अर्थशास्त्रज्ञ लोकसंख्या, दरडोई खर्च, मैलापाण्याचे प्रमाण आणि तत्सम शुष्क गोष्टींचा काथ्याकूट करीत बसतात, आणि म्हणूनच त्यांचे अंदाज कधी खरे ठरत नाहीत. वस्तुतः पुण्यासारख्या शहरात सार्वजनिक पैसा कोणत्या दिशेने वाहतो हे ओळखण्यास गणिताची मुळीच आवश्यकता नाही. जे काम पुरे झाल्यावर त्याच्यावर नाव रंगविण्याइतकी सपाट जागा शिल्लक राहते ते काम होते, आणि जे काम पुरे झाल्यावर मातीखाली गाडले जाते ते पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात जाते.

या सिद्धान्ताचे सर्वांगपरिपूर्ण उदाहरण म्हणजे सिमेंटचे बाकडे. बाकड्याची पाठ ही बसणाऱ्याच्या पाठीला आधार मिळावा म्हणून केलेली असते, अशी अज्ञ जनांची समजूत आहे. परंतु ज्याने शहरातील बाकड्यांचे थोडेफार अवलोकन केले आहे त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही, की ती पाठ मुळात नाव, हुद्दा आणि प्रभाग क्रमांक एवढा मजकूर मावावा अशा मापाने घडविलेली असून टेकून बसणे हा तिचा आनुषंगिक उपयोग आहे. म्हणूनच ही बाकडी विजेच्या रोहित्राशेजारी, कचऱ्याच्या पेटीसमोर, भिंतीकडे तोंड करून, किंबहुना मनुष्यास बसण्याची इच्छा होणे सर्वथा असंभाव्य अशा स्थळीही निःसंकोचपणे उभी असतात; कारण तेथे कोणी बसले नाही तरी चालते, वाचले म्हणजे झाले, आणि कोणी बसलेच तर उलट मजकूर झाकला जातो. बाकड्याच्या खालोखाल वसाहतीची प्रवेश-कमान, कमानीच्या खालोखाल चौकातील दिशादर्शक फलक, आणि त्यानंतर पेव्हर ब्लॉकचा पदपथ, असा क्रम लावता येईल. पदपथाचा क्रम खालचा एवढ्याचसाठी, की त्याच्यावर नाव लिहिले तर लोक त्यावरून चालतात.

कायद्याचा मसुदा करणाऱ्या मंडळींस हे व्यवहारज्ञान नव्हते. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाने 63 व्या कलमात अवश्य करावयाची कर्तव्ये सांगितली आणि 66 व्या कलमात स्वेच्छाधीन कर्तव्ये सांगितली. पहिल्यात रस्ते झाडणे, मैला वाहून नेणे, गटारे बांधणे व ती स्वच्छ राखणे असल्या अप्रसन्न बाबी आल्या, आणि दुसऱ्यात उद्याने, सार्वजनिक सत्कार-समारंभ असल्या प्रसन्न बाबी आल्या. माणूस आधी 63 वे कलम वाचील आणि वेळ उरल्यास 66 व्याकडे वळेल, अशी त्यांची भाबडी अपेक्षा असावी. पण अवश्य कर्तव्य बजावल्याबद्दल कोणी कोणाच्या गळ्यात हार घालीत नाही, आणि स्वेच्छेने केलेल्या गोष्टीचे श्रेय मात्र घेता येते; तेव्हा सुज्ञाने कोणते कलम आधी उघडावे हे सांगण्यास वकील नको.

अग्रक्रम नागरिकांनाच विचारावा, ही कल्पना ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे या शहरात 1989 साली निघाली. तेथे वस्त्यावस्त्यांतून सभा भरत, पैसा थोडा आणि गरजा फार असल्याने कडाक्याचे वाद होत, आणि त्या वादांतून पिण्याचे पाणी, सांडपाण्याचे नळ असल्या गोष्टी वर येत. पुणे महानगरपालिकेने 2006 पासून नागरिकांच्या सहभागाची ही पद्धत स्वीकारली. हिंदुस्थानातील फार थोड्या शहरांना सुचलेली गोष्ट आपल्या शहराने इतक्या आधी केली याचा पुणेकरांस अभिमान वाटणे साहजिक आहे. पुणेकरांस अभिमान वाटण्यास एवढेही कारण लागत नाही, हे निराळे. मात्र स्वीकार करताना त्या पद्धतीतील वाद तेवढा वगळला गेला. आपल्याकडे सभा नाही, अर्ज आहे. पावसाळा सरत आला की क्षेत्रीय कार्यालयातून छापील अर्ज मिळतो. नागरिकाने त्यात आपल्या भागातील एखादे काम सुचवावे, आणि त्या कामाचा खर्च पाच लाख रुपयांच्या आत असावा. सभेची तजवीज कायद्यात नाही असे मात्र कोणी समजू नये. 1 जून 1993 पासून अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या, आणि 2009 साली राज्याने मतदारांच्या क्षेत्रसभांचीही तरतूद केली. त्यांपैकी प्रभाग समित्यांच्या बैठका होतात, आणि क्षेत्रसभा कायद्यात सुखरूप आहेत.

पाच लाखांची ही मर्यादा ज्या कोणाच्या प्रतिभेतून निघाली असेल त्यास आमचे शतशः वंदन. ज्या शहराचे 2025-26 चे अंदाजपत्रक 12,618 कोटी रुपयांचे होते, त्या शहरात एका कामासाठी नागरिकाच्या इच्छेस पाच लाखांपर्यंत मोकळे रान द्यावयाचे आणि उरलेल्या रकमेचा निर्णय त्याला यत्किंचितही तसदी न देता करावयाचा, यात लोकशाही आणि शिष्टाचार या दोहोंचा मनोहर संगम झालेला आहे. शिवाय या रकमेत काय बसते ते पाहावे. बाकड्यांची एक रांग बसते, चार दिवे बसतात, पदपथाचा एक तुकडा बसतो, वाचनकट्ट्यावरचे पत्र्याचे छप्पर बसते. काय बसत नाही, याचा अनुभव घेण्यासाठी एखाद्या काल्पनिक सेवानिवृत्त गृहस्थाची योजना करू.

या गृहस्थाच्या गल्लीतील मैलावाहिनी जेव्हा घातली तेव्हा तेथे दुमजली बंगले होते. बंगल्यांच्या जागी आता सात-सात मजल्यांच्या इमारती आल्या, परंतु वाहिनीची उंची कोणी वाढविली नाही, सबब दर आषाढात झाकणांतून पाणी वर येते आणि गल्लीचा वास चातुर्मास संपेपर्यंत जात नाही. गृहस्थ सुवाच्य अक्षरांत अर्ज लिहितो, सोबत नकाशा जोडतो, शेजाऱ्यांच्या सह्या घेतो आणि पोच मागतो. पोच मागणारा नागरिक कार्यालयास नेहमीच संशयास्पद वाटतो, तरी ती मिळते. यथावकाश कनिष्ठ अभियंता जागेवर येतो, झाकण उघडून पाहतो, गृहस्थाचे म्हणणे अक्षरशः खरे आहे असे सांगतो, आणि पूर्वगणनपत्रक केल्यावर खर्च साठ लाखांच्या घरात गेल्यामुळे अर्ज योजनेच्या मर्यादेबाहेर म्हणून निकाली निघतो. गृहस्थ चिकाटीचा असतो. पुढील वर्षी तो वाहिनीचे पाच-पाच लाखांचे तुकडे पाडून ‘गल्लीच्या तोंडापासून तिसऱ्या झाकणापर्यंत’ एवढ्याच कामाची मागणी करतो. तेव्हा त्यास समजावून सांगण्यात येते, की तेवढीच मोठी नळी घातली तर पाणी तिसऱ्या झाकणापाशी येऊन बाराव्या अंदाजपत्रकाची वाट पाहत थांबेल. हेही म्हणणे अक्षरशः खरे असते. या योजनेत खोटे कोणीच बोलत नाही, हे तिचे खरे वैशिष्ट्य आहे. अखेर त्या तरुण अभियंत्यालाच दया येते आणि तो आवाज खाली आणून म्हणतो, “काका, बाकडी लिहा ना. मार्चच्या आत होऊन जातील.”

आणि ती होतात. सरकारी कामास विलंब लागतो ही जी सार्वत्रिक ओरड आहे तिला मार्च महिना हा सणसणीत अपवाद आहे. अकरा महिने प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश यांच्या चौकटींत अडखळत चाललेले काम बाराव्या महिन्यात असे काही धावते, की सुस्थितीतील पदपथ रात्रीतून उखडला जाऊन तसलाच पदपथ सकाळी त्या जागी दिसू लागतो. जमिनीखालच्या कामाचे पैसे तोवर खर्ची पडलेले नसतात, आणि न पडलेला पैसा परत जाऊ देणे हा तर कारभारातील महादोष; म्हणून ‘वर्गीकरण’ नावाचा एक संस्कार आहे, ज्याच्या योगाने एका शीर्षाखालची रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली नेता येते. आमच्या पाहण्यात रक्कम बहुधा खालून वर जाते. कमानीचे पैसे वर्गीकरणाने गटाराकडे गेल्याचे उदाहरण कोणा वाचकाकडे असल्यास त्याने ते अवश्य कळवावे. आम्ही ते या सदरात कृतज्ञतापूर्वक प्रसिद्ध करू.

हे सारे दोष नगरसेवकांनी सुचविलेल्या कामांच्या ‘स’ यादीच्या माथी मारण्याचा आमच्या काही विचारवंत मित्रांचा प्रघात आहे. परंतु मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासकाची राजवट आली, तेव्हा यादी करणारे घरी बसले असता बाकडी अदृश्य व्हावयास हवी होती. ती झाली नाहीत, त्यांच्यावरील हुद्द्यामागे फक्त ‘माजी’ हा शब्द चढला.

हे नामप्रेम अगदी आजचे आहे असे म्हणावे, तर इतिहास आड येतो. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि भाजीबाजारासाठी भव्य इमारत उठविण्याची योजना पुढे आली तेव्हा तो पैसा शिक्षणाकडे लावावा असे म्हणून त्यांनी तिला विरोध केला. विरोध वाया गेला, इमारत उभी राहिली, आणि 1886 साली मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती खुली झाली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना लॉर्डसाहेबांचे नाव जाऊन महात्मा फुले मंडई हे नाव रूढ झाले. अत्र्यांचा हेतू थोर होता आणि नाव बदलले हे उत्तमच झाले, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. तथापि खर्चाच्या अग्रक्रमाविषयी झालेल्या मतभेदाचा निकाल, विरोध करणाराचेच नाव त्या खर्चावर कोरून लावण्याची ही जी शक्यता त्यातून सिद्ध झाली, तिचे मर्म कारभारी वर्गाने ओळखले नसेल असे समजणे भोळेपणाचे होईल.

जमिनीखालचे काम करणारा कारभारी पुण्यास कधी लाभलाच नाही, असेही नव्हे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला आंबिल ओढ्यावर बंधारा घातला, तेथील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शहरात आणले, वाटेत जागोजाग उच्छ्वास ठेवले आणि हौदांतून ते रयतेस मिळेल अशी तजवीज केली. त्याच ओढ्याचा गावात शिरणारा प्रवाह त्यांनी पर्वतीच्या बाजूस वळविला. एवढा खटाटोप करून त्या नळावर हातासरशी ‘श्रीमंतांच्या संकल्पनेतून’ अशी पाटी लावण्याचे त्यांस सुचले नाही, आणि परिणामी आज त्या नळावरून ये-जा करणाऱ्या बहुसंख्य नागरिकांस तो आपल्या पायांखाली आहे हेही ठाऊक नसते. प्रचलित निकषांनी पाहता नानासाहेबांना दुसऱ्यांदा उमेदवारी मिळाली नसती.

तोच आंबिल ओढा 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री काठच्या सोसायट्यांच्या सीमाभिंती पाडून वस्त्यांत शिरला, आणि शहर व परिसर मिळून त्या रात्रीच्या पुरात वीसांहून अधिक माणसे गेली. येथे विनोदास जागा नाही. एवढेच नमूद करतो, की ओढ्याचे पात्र मोकळे राखणे हे काम असे आहे की ते उत्तम झाले तर अशा रात्री काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याचे उद्घाटन करता येत नाही.

उद्घाटन करता येत नाही, ही अडचण मात्र दूर होण्यासारखी आहे, आणि ती दूर करण्याविषयीची एक नम्र सूचना आम्ही या वर्षीच्या अर्जात केली आहे. गटाराच्या प्रत्येक झाकणावर ज्यांच्या विकासनिधीतून खालची वाहिनी झाली त्यांचे नाव ठसठशीत ओतीव अक्षरांत असावे. ‘यांच्या संकल्पनेतून हे सांडपाणी वाहत आहे’ असा मजकूर सुचवितो. झाकण वर्तुळाकार असल्यामुळे छायाचित्र मध्यभागी बसेल. लोकांचे पाय लागतील हा आक्षेप येईल, म्हणून झाकण जमिनीपासून हातभर उंच ठेवण्यास आमची हरकत नाही. वारंवार डांबर चढून कित्येक झाकणे आज हातभर खोल गेलेली आहेत, तेव्हा सरासरी बरोबर राहील. लोखंडी झाकणे भंगारासाठी चोरीस जातात, या आक्षेपासही उत्तर आहे: नाव असलेले झाकण गेल्यास त्याचा तपास पोलीस अधिक आस्थेने करतील. मात्र एक अट घालावी लागेल. ज्या झाकणाखालून पावसाळ्यात पाणी उलटे वर येईल त्यावरील नाव पाणी ओसरेपर्यंत झाकता येणार नाही.

ही अट वगळून प्रस्ताव मंजूर होईल, अशी दाट शक्यता दिसते. तरीही आम्ही अर्ज भरला आहे. सुचविलेले काम, झाकणे. कामाचे ठिकाण, सर्व प्रभाग. परंतु एका अर्जात एकच ठिकाण लिहावे अशी सूचना खिडकीवरून झाल्यामुळे तूर्त आमची गल्ली. अंदाजित खर्च, 4 लाख 99 हजार.