कान नसलेलं मांजर

गोल तोंडाच्या पात्रांविषयी मला हल्ली विशेष आदर वाटतो. छोटा भीम शूर असेल, पण त्याला दंड आहेत, छाती आहे, धोतर आहे. एवढं सगळं केकच्या स्पंजातून कापून काढायचं तर आधी सुताराकडे उमेदवारी करायला हवी. मोटूचं पोट मला जमलं असतं, पण मोटू केला की पतलू करणं भाग पडतं आणि पतलू हा केकचा विषयच नव्हे, तो शेवयांचा आहे. शिनचॅनचा गाल नेमका एकाच बाजूला फुगतो. डोरेमॉन मात्र विधात्यानं माझ्यासारख्यांची कुवत ओळखूनच घडवलेला असावा. गोल डबा, गोल केक, गोल तोंड. वर कानसुद्धा नाहीत.

लेकीनं खरं तर छोटा भीम मागितला होता. मी नकार दिला नाही. शिक्षक माणूस नकार देत नाही, वातावरण निर्माण करतो. टीव्हीचा रिमोट ताब्यात घेतला आणि वाढदिवस जवळ येईपर्यंत घरात सकाळ-संध्याकाळ डोरेमॉनच लावला. शेवटी एक दिवस ती आपणहून म्हणाली, "बाबा, मला डोरेमॉनचाच केक पाहिजे." मी दोन मिनिटं आढेवेढे घेतले आणि मग मोठ्या मनानं कबूल केलं.

विकतचा का आणत नाही, हे आमच्या घरी कुणी विचारत नाही. आमच्या महागावात केक मिळतो. पुसदला तर हव्या त्या पात्राचं चित्र खाता येणाऱ्या कागदावर छापून केकवर चिकटवून देतात, आणि सकाळी सांगितलं तर संध्याकाळच्या एसटीनं घरी येतं. पण छापील डोरेमॉन आणणाऱ्या बापाला कोण विचारतो? 2020 च्या टाळेबंदीत अख्ख्या देशानं शिटी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये मीठ पसरून केक भाजले. पुढे बाजार उघडले आणि लोक सुधारले. मी तेवढा सुधारलो नाही. उलट नोझलचा संच आणला, फिरतं ताट आणलं आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये, कुणी विचारलेलं नसताना, अंड्याऐवजी दही घातलं तर सोड्याचं प्रमाण काय ठेवावं, यावर बोलू लागलो.

कलाकृतीआधी अभ्यास हवा म्हणून डोरेमॉन या यंत्रमांजराचाही केला. तो 1969 च्या डिसेंबरात जपानी मुलांच्या मासिकांमधून पहिल्यांदा आला. त्याचा जन्म मात्र 3 सप्टेंबर 2112 चा, म्हणजे अजून व्हायचाच आहे. उंची 129.3 सेंटिमीटर, आणि वजनही 129.3 किलो. हा आकडा त्या काळच्या जपानी चौथीतल्या मुलांच्या सरासरी उंचीवरून घेतला, म्हणजे त्याचा दोस्त नोबिता आणि तो समोरासमोर उभे राहून बोलू शकतील. मला हे फार आवडलं. रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं. आई भाकरी मोडत म्हणाली, "ते ठीक हाये, पण त्याचे कान कुठी गेले?"

"उंदरानं खाल्ले."

"मांजराचे? उंदरानं?"

"यंत्राचा उंदीर होता, आई. बाविसाव्या शतकातला."

"म्हंजे पुढंही उंदीर राहतेच म्हणा," आई म्हणाली आणि विषय तिच्यापुरता मिटला. डोरेमॉनला डोरायाकी आवडतात हे सांगितल्यावर तिनं पुन्हा डोकं वर काढलं. दोन जाडसर गोड धिरडी आणि मध्ये लाल कडधान्य शिजवून, साखर घालून आटवलेलं सारण, एवढं ऐकून घेतलं. "मंग पुरणच झालं ना ते. त्याले आपल्याकडं जेवाले बोलाव." जपानी संस्कृतीची ओळख करून देण्याचा माझा उत्साह त्या रात्रीपुरता तिथंच थंडावला.

आता वाढदिवस मे महिन्यात. मे महिन्यात आमच्याकडे क्रीम फेटणं म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या वाचकाला कळायचं नाही. फेटायचं क्रीम गोठलेलं येतं, ते फ्रिजमध्ये सावकाश सैल करायचं आणि गारेगार असतानाच फेटायचं, तरच त्यात हवा कोंडली जाते आणि शिखरं उभी राहतात. इथं पारा पंचेचाळिशीला टेकलेला. फ्रिज उघडला की फ्रिजच आपल्याकडे दयेनं बघतो. लस्सीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, परातीत फोडली, तिच्यावर पातेलं, पातेल्यात क्रीम. पातेलं धरायला बायको. फेटणारा मी. या कामात धरणाऱ्याचे हात बधिर होतात आणि फेटणाऱ्याचं नाव होतं.

निळ्या रंगाचंही एक शास्त्र आहे. तो कालवताना फिका दिसतो आणि मुरल्यावर गडद होतो, म्हणून हात आखडता ठेवायचा. शिवाय पिवळसर लोण्यात निळा घातला तर हिरवा होतो, म्हणून पांढरंशुभ्र क्रीमच हवं. हे मी बायकोला इतक्यांदा सांगितलं की शेवटी ती म्हणाली, "अहो, निळा-पिवळा हिरवा होते हे तुमच्या लेकीलेही माहीत आहे."

मग क्रीमची घट्टाई पाहायची वेळ आली. पळी उचलली, शेंडा वाकला. आणि मागून आई म्हणाली, "पातळ हाये. बसंल."

आईनं आयुष्यात केकवर नोझल फिरवलेली नाही. पण ती जे बोलली ते चाकोल्यांच्या अधिकारानं, आणि तो अधिकार आमच्या घरात मोठा आहे. चाकोल्या म्हणजे होळीत टाकायच्या माळेचे शेणाचे आकार. ते करायला होळीच्या आधी आठ-दहा दिवस ती आम्हा भावंडांना अंगणात घेऊन बसायची. ताजं शेण, त्यात चिमूटभर बारीक कुटार, आणि पाण्याचा नुसता हात. फार ओलं झालं तर आकार पसरतो, कोरडं राहिलं तर वाळताना तडकतो. गाय काय खाऊन आली यावरही पुष्कळ असतं. हिरव्या चाऱ्यावरचं शेण बसकं, कडब्यावरचं ताठ. आई बोटानं दाबून सांगायची. मग सूर्य, चंद्र, चांदण्या, पान, नारळ, विळा. प्रत्येकाच्या मध्ये बोटानं भोक पाडायचं, नाहीतर ओवणार कशात? सूर्य सगळ्यांना जमतो. चंद्राची टोकं तुटतात. चांदणीचे पाच कोन सारखे येणं ही तर कसबाची परीक्षा. माझ्या थोरल्या बहिणीनं एकदा पोळपाट आणि त्यावर लाटणं केलं होतं, लाटणं वेगळं उचलता येईल असं. गल्लीतल्या बाया बघायला आल्या होत्या. त्या वर्षी मी इरेला पेटून बैल केला, शिंगांत तुराटीच्या काड्या खुपसल्या. पोळा लांब होता, पण मला धीर नव्हता. तो दोन दिवसांत वाळला, तिसऱ्या दिवशी पोटातून उलला. आई म्हणाली, पोट भरीव ठेवलं म्हणून. आतून पोकळ करायचं असतं, वाळायला वाट लागते. जगातला कुठलाही मूर्तिकार याहून वेगळं सांगणार नाही.

चाकोल्यांवर आणखी पान-दोन पानं मी सहज लिहीन. त्या भिंतीवर थापायच्या की गोणपाटावर वाळवायच्या, सुतळीत ओवायच्या की अंबाडीच्या दोरीत, यावर आमच्या गल्लीत पक्ष होते. पण क्रीम थांबलं नसतं. मी ते पुन्हा बर्फावर घेतलं. आईनं पळी पाहिली आणि "आता लाव" म्हणाली.

केक झाला. आणि इथं विनोदी लेखाच्या वाचकाची निराशा होणार आहे, कारण तो चांगला झाला. निळं गुळगुळीत डोकं, पांढरा चेहरा, टपोरे डोळे, लाल नाक, दोन्ही गालांवर तीन-तीन मिशा, गळ्याशी पिवळी घंटा. अनर्थ झाला तो त्यामुळेच. वाईट केक माणसाला नम्र करतो, चांगला केक बिघडवतो.

तो फ्रिजमध्ये मावेना. बायकोनं मधली जाळी काढली, दह्याचं भांडं, भाजी, कणीक सगळं बाहेर आलं. तरी दार लागेना. पाहतो तो आई आपल्या इन्सुलिनचा डबा काढून घेत होती. ओल्या वाळूत ठेवलेल्या छोट्या मडक्यात तिनं तो अलगद उतरवला आणि वर ओलं फडकं घातलं. "डॉक्टरनं सांगतलं हाये, मडक्यात चालते," ती म्हणाली. दार लागलं. मी "बघा, बसला!" म्हणून ओरडलो, जणू जागा मीच केली होती.

पाहुणे आले. मी केक मधोमध ठेवला आणि शेजारी उभा राहिलो. आधी फोटो, मग कानांची कथा, मग 129.3. पोरं ताटकळली. आत बायको पन्नास माणसांचे आलूबोंडे तळत होती, मसालेभात एका शेगडीवर, कढी दुसऱ्या. येणारी प्रत्येक बाई केक पाहून स्वयंपाकघरात डोकावायची आणि म्हणायची, "वहिनी, नशीब काढलं बाई तुम्ही! सर केक करतात!" झाऱ्यातून तेल निथळत असताना बायको दर वेळी हसून "हो ना" म्हणाली. चौथ्या की पाचव्या "हो ना"ला तिचा आवाज मला ऐकू आला.

त्याच वेळी फोननं जागा संपल्याचं सांगितलं. केकचे फोटो वरून, बाजूनं, लेकीसह, लेकीविना, इतके झाले होते. जुने काही काढावेत म्हणून मी मागे मागे जात राहिलो. मी केलेला प्रत्येक केक तिथं होता. आईनं गेल्या पोळ्याला लेकीसाठी केलेले मातीचे बैल नव्हते. श्रावणातले पुरणाचे दिवे नव्हते. चाकोल्यांची माळ तर नव्हतीच. आईचे फोटो होते, लग्नातले, माहूरच्या पायऱ्यांवरचे, पण हातात काही करत असलेला एकही नाही. बायकोचे तर बहुतेक मला केक धरून दाखवतानाचे. मी फोन खिशात टाकला आणि उगाचच कुणावर तरी खेकसलो. बहुधा फुगे फोडणाऱ्या पोरावर.

लाइट गेली. क्रीमला लगेच कळलं. डोरेमॉनच्या कपाळावरून निळा घाम उतरू लागला. तरी मी "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत मोबाइलचा टॉर्च धरून उभाच. लेकीच्या हातात सुरी देईना. तोंड कापायचं की बाजूनं, यावर माझा विचार चालू होता.

"चाकोल्यायची माळ कोणी घरात ठेवाले करते का बापू?" आई अंधारातून म्हणाली. "दे तिच्या हाती."

लेकीनं सुरी घेतलीच नाही. बोटांनी नाक उपटलं आणि तोंडात टाकलं. मग सगळी पोरं तुटून पडली. लाइट आली तेव्हा ताटात घंटा आणि अर्धा डोळा उरला होता, आणि अंगणातली सगळी माणसं निळ्या जिभांनी हसत होती. आईला केक चालत नाही. तिनं एक मिशी मागून घेतली, बोटावर धरून चाटली, आणि "गोड हाये" म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठा अभिप्राय मी ऐकलेला नाही. मग मी आत जाऊन झारा हातात घेतला. बायको म्हणाली, "तळून झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन वाजायला लागला. मी दाढी अर्धी टाकून धावलो. कौतुक माणसाला सकाळी जास्त मानवतं. पहिला फोन मागच्या आळीतल्या सहकाऱ्याचा. बरंच इकडचं तिकडचं झालं, मग त्यांनी आवाज उतरवला. "सर, एक विचारू का? त्या केकात रंग कोणता होता?" मी खुलून सांगितलं, खाण्याचाच, कायद्यात बसणारा. "तसं नाही," ते म्हणाले. "आमच्या लहान्याचं सकाळी... हिरवं झालं. घरात घाबरले सगळे. दवाखान्यात न्यावं का?"

मी त्यांना निळ्या-पिवळ्याचं शास्त्र समजावलं. ठेवतो तोच पुढचा फोन. दुपारपर्यंत मी अर्ध्या गल्लीला धीर देत होतो आणि मागे आई बायकोला सांगत होती, "पाह्य, सांगतलं होतं ना मी, जे खाल्लं त्याच्यावरच असते सारं."