रोटरराव

लग्नाच्या हॉलबाहेर लावलेल्या गाड्यांमध्ये एखादे गृहस्थ झब्बा सावरत उकिडवे बसून अलॉय व्हीलच्या आऱ्यांमधून आत डोकावताना दिसले, तर वॉचमनला हाक मारू नका. ते चोर नाहीत, रोटरराव आहेत. आत मंगलाष्टकं चाललेली असतात आणि हे बाहेर वरपक्षाच्या गाडीची ब्रेक डिस्क तपासत असतात.

त्या तपासणीला अर्थ असतो बरं का! आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला बघायला मंडळी आली, तेव्हा रोटररावांनी खालच्या खालीच निकाल दिला होता. "गाडी महिनाभर जागची हललेली नाही. मुलगा रोज गाडीनं ऑफिसला जातो म्हणतायत ना? विचारा बरं कसा जातो ते." डिस्क बिडाची. रात्रभर पावसात राहिली की सकाळी तांबूस होते आणि दोन-चार ब्रेक मारले की पुन्हा लख्ख. पण पॅडच्या आकाराचा गंज तिच्यावर बसला असेल, तर गाडी बरेच दिवस उभी आहे हे नक्की. चौकशीअंती मुलगा कंपनीच्या बसनं जातो एवढंच निघालं. लग्न झालं, पण तेव्हापासून सोसायटीत पाहुण्यांच्या गाड्या गेटबाहेर लागू लागल्या.

रोटररावांपुढे प्रश्न एकच आहे: रोजचा रस्ता आणि रेसट्रॅक, दोन्हीकडे टिकेल अशी डिस्क कोणती? त्यांचा रोजचा रस्ता म्हणजे बाणेर ते हिंजवडी. तिथं डिस्क तापायला आधी गाडी चालावी लागते. मध्यंतरी त्यांनी रेसिंगचे पॅड बसवले होते. हे पॅड चांगले तापल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि थंड असताना किंचाळतात. सिग्नलला रोटररावांनी ब्रेक दाबला की पुढचे स्कूटरवाले मागे एसटी आली समजून फुटपाथवर चढायचे.

विषय निघाला की मात्र त्यांना ऐकत राहावं. कारण माणूस चुकीचं काही सांगत नाही, तीच तर अडचण आहे. वेग दुप्पट झाला की थांबवताना जिरवायची ऊर्जा चौपट होते. ती उष्णता होऊन आधी डिस्कमध्येच शिरते. म्हणून डिस्क जाड हवी, मधून हवा खेळायला पोकळ्या हव्यात. भोकं पाडलेली डिस्क दिसते छान, अगदी जाळी पडलेल्या अनारशासारखी. पण ट्रॅकवर तापून-निवून तडे जातात ते बहुधा त्या भोकांच्या काठापासूनच. खाचा पाडलेली त्यापेक्षा बरी. खाचा पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवतात, पण त्या हिशेबानं पॅडही खातात. सिरॅमिकची किंमत ऐकून घरचे हाय खातील. तेव्हा दोन्हीकडे चालणारी, टिकणारी आणि फुटली तर डोळ्यांत पाणी न आणणारी डिस्क म्हणजे साधी, सपाट, आतून पोकळ, चांगल्या बिडाची. कडेला किमान जाडी कोरलेली असते. तिथवर झिजली की काढून टाकायची.

"मग तुमच्या गाडीला खाचांची का?" मी एकदा विचारलं.

"ती अभ्यासासाठी."

ही अभ्यासाची डिस्क परदेशातून आली, दोन तुकड्यांची, मधली टोपी अॅल्युमिनियमची. तिच्यावरच्या कस्टम ड्यूटीत वहिनींचा फ्रीज बसला असता, असं वहिनी म्हणतात. ब्रेम्बोचा कारखाना इथं चाकणला असून तो प्रामुख्यानं दुचाकींचे ब्रेक करतो, हे रोटररावांचं खासगी दुःख आहे. मागच्या चाकांना ड्रम आहेत. तो विषय त्यांच्या घरी कोणी काढत नाही.

'डिस्क वाकली' असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. डिस्क सहसा वाकत नसते, तिच्यावर पॅडचा थर कमी-जास्त बसतो. तापलेली गाडी थांबवून पाय ब्रेकवरच ठेवला की हमखास. म्हणून ट्रॅकवर शेवटची फेरी ब्रेक न दाबता, गार करत मारायची. शास्त्र बरोबर आहे. पण डी-मार्टमधून परत आल्यावर हे पार्किंगमध्ये संथपणे प्रदक्षिणा घालत राहतात. मांडीवर डाळ-तांदळाच्या पिशव्या घेतलेल्या वहिनी शेजारी समोर बघत बसलेल्या असतात. काच खाली करून रोटरराव सांगतात, "डिस्क गार करतोय." वहिनी म्हणतात, "आइस्क्रीम वितळतंय."

अखेर एकदाचे ते ट्रॅकवर गेले. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, 3.7 किलोमीटरची फेरी. मी सोबत होतो. वाटेत त्यांनी 1953 साली ल मान्सला जॅग्वारनं डिस्क ब्रेकच्या जोरावर ड्रमवाल्या फेरारींना कसं मागे टाकलं ते सांगितलं. परतीच्या वाटेवर पुन्हा सांगितलं. मधल्या काळात ट्रॅकवर तिसऱ्याच फेरीला त्यांचं पेडल फरशीला टेकलं. डिस्कला काही झालं नव्हतं, एखाद्या दागिन्यासारखी चमकत होती. ब्रेक ऑइलला उकळी फुटली होती. डॉट फोर ऑइल नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. हवेतला ओलावा पिऊन झाला की तोच आकडा 155 वर येतो. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ नुसतीच दाबली जाते, पॅड नाही. ऑइल गाडी घेतल्यापासून तेच होतं. ते डबीत असतं, आऱ्यांमधून दिसत नाही.

शेजारी एक पोरगा जुनी हॅचबॅक घेऊन सकाळपासून फेऱ्या मारत होता. रोटरराव सवयीनं त्याच्या चाकापाशी उकिडवे बसले. साधी, सपाट, बिडाची डिस्क.

"कुठली टाकलीस?"

"डिस्क? गाडीला होतीच अंकल. मी फक्त ऑइल बदललं आणि पॅड जरा चांगले घातले."

रोटररावांचा चेहरा उजळला. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला छत्रीखाली घेतलं, आणि त्यानं केलेली निवड कशी अचूक आहे हे मुळापासून समजावून द्यायला सुरुवात केली. पोराची दुपारची फेरी हुकली.