विशेष प्रकल्प अधिकाऱ्यांस, प्रयोगशाळेकडून

प्रति,
मा. विशेष प्रकल्प अधिकारी,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर.

विषय : दौंड व शिरूर तालुक्यांना विनामूल्य प्रयोगशाळेचा दर्जा दिल्याबद्दल आभार.

संदर्भ : आपल्याकडून नदीमार्गे रोज येणारे टपाल. (जावक क्रमांक फेसामुळे वाचता येत नाही.)

महोदय,

मुळा-मुठा भीमेला मिळते तिथे एका अंगाला दौंडचे वाळकी आणि दुसऱ्या अंगाला शिरूरचे रांजणगाव सांडस. आपल्या नकाशावर ही गावे नसतील, कारण महापालिकेची हद्द बरीच आधी संपते. प्रकल्प हद्दीत करायचा आणि त्याचा निकाल हद्दीबाहेर लावायचा, ही आपली संशोधनपद्धती आम्ही इतकी वर्षे जवळून पाहत आहोत. तिची दखल कोणीच घेतली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम मुख्य प्रयोगाबद्दल. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जानेवारी २०१६ मध्ये जपानच्या जायका या संस्थेशी कर्जाचा करार झाला. प्रकल्प ९९०.२६ कोटींचा. ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे, एकूण क्षमता दिवसाला ३९.६ कोटी लिटर, आणि सगळे जानेवारी २०२२ पर्यंत पूर्ण. पुढे निविदा, फेरनिविदा, सल्लागार, खुलासे असे सर्व विधी यथासांग पार पडले. जानेवारी २०२२ आला तेव्हा केंद्रे पूर्ण झालेली नव्हती. त्यानंतर दोन महिन्यांनी, ६ मार्च २०२२ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते प्रकल्पाचे भूमिपूजन मात्र झाले, तोवर आकडा १,४७० कोटींवर गेलेला. मुदत संपल्यावर नारळ फोडायचा हा क्रम आमच्या अडाणी डोक्यात आधी शिरला नाही. विशेष प्रकल्पात विशेष काय असते, हे आता ध्यानात आले. साधे काम आधी सुरू होते आणि मग रखडते. विशेष काम आधी रखडते.

त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात, नदीकाठ सुधारण्याच्या योजनेचाही शुभारंभ झाला. एकूण लांबी ४४ किलोमीटर, त्यातल्या पहिल्या ९ किलोमीटरला १,०८० कोटींहून जास्त. संगम पुलापासून बंडगार्डन, बंडगार्डनपासून मुंढवा. काठाला पायऱ्या, फिरायला वाट, बसायला बाक. पाण्याचे काम मागे आणि काठाचे पुढे, हा निर्णय आपल्या कोणत्या विभागाने घेतला कळत नाही, पण त्यातला विचार आम्हाला पटला. काठावर फेरफटका मारणारा मतदार पुण्यात राहतो आणि पाणी तर काय, मुंढव्याच्या पुलाखालून पुढे निघूनच जाणार. ते येते आमच्याकडे. काठ तेवढे तिथेच राहतात.

आता प्रयोगशाळेतली निरीक्षणे कळवतो, अहवालात घ्यावीत.

मार्च-एप्रिलात बंधाऱ्याचे ढापे टाकलेले असतात. मागे पाणी तुंबते, वर जलपर्णीचा हिरवागार गालिचा. गालिचा इतका दाट की बगळा त्यावरून चालत जातो. खाली पाणी काळे. मोटार चालू केली की फुटव्हॉलला मुळ्यांचा झुपका अडकतो. मग कोणीतरी कमरेएवढ्या पाण्यात उतरायचे, हाताने तो उपसून काढायचा, वर येऊन अंगाला साबण लावायचा, आणि तरी रात्रभर खाजवत बसायचे. नदीत वाम, मरळ मिळायची असे म्हातारे सांगतात. आता जाळ्यात येते ती बहुतेक चिलापी, कारण तिला काहीही चालते. जुळवून घेण्याच्या बाबतीत चिलापी आमच्याहून दोन पावले पुढे आहे.

ऊस मात्र जोरात आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. राहू बेटातल्या उसाला नत्राची कमतरता अशी भासत नाही. आपल्या सहा-सात उपनगरांचे नत्र फुकट पोहोचते. त्या उसाचा गूळ होतो, गुळाची ढेप मार्केट यार्डात येते आणि तिथून आपल्या चहात. चक्राकार अर्थव्यवस्था म्हणून परदेशात ज्याचे शोधनिबंध वाचले जातात, ती आम्ही सल्लागार न नेमता चालवून दाखवली. पिण्याला पाणी तेवढे मिळत नाही. नदीकाठच्या गावाने नदीकडे पाठ करून वीस लिटरचा जार विकत घ्यायचा, हा या प्रयोगाचा सर्वांत ठळक निष्कर्ष. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत मुळा, मुठा आणि भीमा तिघींचीही नावे आहेत. एका घराण्यातल्या तिघी एकाच यादीत येणे ही काही साधी गोष्ट नाही.

दुसरा प्रयोग मुंढव्याच्या जॅकवेलचा. याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या सगळ्या प्रकल्पांत खरी अक्कल यातच होती. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी. ते शहराचेही आणि हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीचेही. शहराला साडेअकरा टीएमसी मंजूर झाले ते एका अटीवर, की साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून शेतीला परत द्यायचे. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधली. पाणी उचलून इंग्रजांच्या काळातल्या जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे आमच्या बेबी कालव्यात, सोडायचे ठरले. वापरलेले पाणी शेताला आणि धरणातले शहराला. हिशेब चोख होता.

साडेसहा टीएमसी म्हणजे दिवसाला साधारण ५० कोटी लिटर. एवढे पाणी शुद्ध करून सोडायचे तर आधी एवढे शुद्ध व्हायला हवे, आणि शुद्ध करणारी केंद्रे कुठे होती ते वर आलेच आहे. म्हणजे घेण्याचा प्रकल्प वेळेत झाला आणि देण्याचा विशेष प्रकल्पांत गेला. शहराने धरणातून उचललेले पाणी मात्र मंजुरीच्या पुढे कितीतरी गेले. दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत पाटबंधारे खाते एक आकडा सांगते, महापालिका दुसरा, आणि टेलचा शेतकरी चारीवर बसून आवर्तनाची वाट पाहतो. दौंड शहराचा साठवण तलावही खडकवासल्याच्या कालव्यावरच भरतो. तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावाला नळाला पाणी कधी येणार, हे ठरवण्यातही आपल्या शॉवरचा वाटा आहे.

आपण अभ्यासदौऱ्यांवर जाता, म्हणून दोन उदाहरणे सुचवतो. १८५८ साली, म्हणजे पुण्याला रेल्वे आली त्या वर्षी, लंडनची टेम्स नदी इतकी कुजली की संसदेच्या खिडक्यांच्या पडद्यांना चुन्याचे क्लोराइड फासावे लागले. खासदारांच्या नाकात वास गेला आणि काही आठवड्यांत गटारांचा कायदा मंजूर झाला. न्यूयॉर्कने १९९७ साली वेगळी युक्ती केली. डोंगरातल्या ज्या खोऱ्यांतून शहराला पाणी येते, तिथल्या गावांशी आणि शेतकऱ्यांशी करार करून पाणी स्वच्छ राखण्याचा खर्च शहराने उचलला, आणि अब्जावधी डॉलरचे गाळणी केंद्र बांधणे वाचले. दोन्ही ठिकाणी एकच घडले. ज्याच्या हातात सही, त्याच्याच अंगावर वास किंवा बिल आले. आपल्याकडे सही शिवाजीनगरला आणि वास वाळकीला. उपयोजित संशोधनात एवढा फरक पडणारच.

लंडन-न्यूयॉर्कला जायला मंजुरी मिळाली नाही तर शिरूर तालुक्यातच इनामगावला या. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत पुराचे पाणी वळवणारा पाट आणि बांध सापडला. खापरे सापडली, धान्याची कोठारे सापडली, मुदतवाढीचा प्रस्ताव मात्र एकही सापडला नाही.

स्मार्ट सिटीबद्दल फार लिहीत नाही. २०१६ च्या जानेवारीत देशातल्या पहिल्या यादीत पुणे दुसरे आले, कंपनी निघाली, औंध-बाणेर-बालेवाडी नटली, ३१ मार्च २०२५ ला ते मिशनही संपले. त्या काळात हवा मोजणारी यंत्रे आणि संदेशाचे फलक लागले होते. त्यातला एखादा फलक गोदामात पडून असेल तर आमच्याकडे पाठवा.

कारण आमची मागणी तेवढीच आहे. मानधन नको, प्रयोगशाळेची पाटीही नको. संगमावर पाण्याची गुणवत्ता मोजणारे एक यंत्र बसवा. त्याचा रोजचा आकडा वाळकीच्या आणि रांजणगाव सांडसच्या चावडीवर लावा आणि तोच आपल्या मुख्य सभेच्या दालनातही लावा. केंद्र पूर्ण झाल्याचा दाखला ठेकेदाराच्या पत्रावर देऊ नका, या आकड्यावर द्या. आकडा सुधारला की शेवटचे बिल काढा. एवढ्यासाठी डीपीआर लागत नाही, सल्लागार तर मुळीच नाही.

आणि एकदा मुख्य सभा इकडे घ्या. दौंडची लोकल केडगावला थांबते, तिथून पुढे न्यायला आमच्या गाड्या असतील. सतरंज्या, मांडव, चहा आमच्याकडे. फक्त तारीख एप्रिलातली धरा. पावसाळ्यात धरणे भरली की पाणी सोडतात, नदी धुऊन निघते आणि आमची तक्रार खोटी वाटते.

आपले,
नदीच्या खालच्या अंगाचे रहिवासी,
तालुका दौंड व तालुका शिरूर, जिल्हा पुणे.

प्रत माहितीसाठी : उजनीच्या फुगवट्यातील सर्व गावे. (मूळ टपाल त्यांना आधीच पोहोचले आहे.)